बूच

गेल्याच्या गेल्या वैशाखात आमच्या घरी एक पाहुणी आली, आणि तिला बसवावे कुठे हेच आम्हां कोणाला कळेना.

पाहुणी दूरदेशची होती. हिरव्या काचेचे अंग, त्यावर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर ठसठशीत काळी अक्षरे, आणि हा सगळा थाट पुठ्ठ्याच्या एका गोल नळकांड्यात जपून बसवलेला. तिला घेऊन आला होता माझा एक जुना विद्यार्थी. रत्नागिरीची कितीतरी मुले बोटीवर जातात, तसा हाही गेला. शाळेत असताना 'समुद्र' या विषयावर त्याला धड दहा ओळी लिहिता आल्या नव्हत्या. पुढे त्याच समुद्राने त्याला पोटाशी धरले. आता तो बोटीवर इंजिनियर आहे, आणि सुटीवर आला की मला भेटल्यावाचून राहत नाही.

"सर, तुमच्यासाठी आणलीय. स्कॉच आहे. सिंगल मॉल्ट."

"अरे, पण मी पीत नाही."

"म्हणूनच आणलीय, सर. पिणाऱ्यांना मी दुसरं काहीतरी देतो."

एवढे बोलून, चहा पिऊन तो निघून गेला, आणि पाहुणी टेबलावर उभी राहिली. सौभाग्यवतींनी तिच्याकडे लांबूनच पाहिले. "अहो, आधी ती देवघरासमोरून हलवा," त्या म्हणाल्या. मी ती स्वयंपाकघरात नेली. तिथे फळीवर कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांची रांग असते. त्या रांगेत ही उभी केली असती, तर एखाद्या दिवशी कोणीतरी घाईत तिचीच सोलकढी केली असती. शेवटी पुस्तकांच्या कपाटात, मोल्सवर्थच्या जाडजूड कोशाच्या मागे तिची सोय लागली. आमच्या घरात तो कोश माझ्याखेरीज कोणी हलवत नाही.

पण ऐंशीला टेकलेल्या आमच्या आईपासून काही लपत नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "कपाटात काय ठेवलंयस रे काल?"

"पुस्तक," मी म्हणालो.

"कसलं?"

"इंग्रजी आहे."

मी काही अगदीच खोटे बोललो नव्हतो. आपल्याकडे असल्या बाटलीला लोक इंग्रजीच म्हणतात.

घरची सोय झाली तशी सरकारची व्हायची होती. आमच्या शाळेतल्या एका जाणकार सहकाऱ्याने सांगितले, की महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून पुस्तकात जिवंत आहे. दुकाने उघडली, पण कायदा मिटला नाही. बाटली जवळ बाळगायची आणि प्यायची तर वयाची पंचवीस वर्षे पुरी हवीत आणि खिशात परवाना हवा. म्हणून तर आपल्याकडच्या बारला लोक 'परमिट रूम' म्हणतात. गंमत म्हणजे हा परवाना चैनीसाठी मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो प्रकृती राखण्यासाठी असतो! अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळात माझ्या कपाटातल्या बाटलीच्या घराण्यातली व्हिस्की तिथे औषध म्हणून शिरकाव करून घेई, असे सांगतात. सरकारे इथूनतिथून सारखीच. मी रीतसर परवाना काढला. प्रकृती राखण्याचा असा दाखला मिळालेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

कागद आला, तरी बूच काही निघाले नाही. वर्ष झाले तरी पाहुणी मोल्सवर्थच्या आड उभीच. विद्यार्थी बोटीवरून फोन करी, "सर, उघडलीत का?" आणि मी काहीतरी सबब सांगे. खरी सबब मी त्याला सांगितली नव्हती. ती माझे काका.

मी सहा वर्षांचा असताना वडील गेले. त्यानंतर मला वाढवले ते काकांनी. पावसच्या वाटेवर आमची तीस-चाळीस हापूसची कलमे होती, आणि काका त्या कलमांचे नुसते मालक नव्हते, त्यांचे वैद्य होते. उतरलेला आंबा माजघरालगतच्या अंधाऱ्या खोलीत भाताच्या पेंढ्यात घालून आढी लावायची, ही आमच्याकडची जुनी रीत. पहाटे काका त्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहत. दिवा लावीत नसत. दोन-तीन वेळा सावकाश श्वास घेत आणि म्हणत, "आज नको. उद्या काढू." कधी म्हणत, "त्या कोपऱ्यात एक नासलाय." मग वाकून पेंढ्यात हात घालीत आणि नेमका तो आंबा बाहेर काढीत. मला ती जादू वाटे. आंबा रंगाने ओळखू नये, देठाशी नाक नेऊन ओळखावा, हे मी त्यांच्यापासून शिकलो. रंग फसवतो, वास फसवत नाही, असे ते म्हणत.

आणि हेच काका रोज संध्याकाळी नाक दाबून प्यायचे.

हे मी अलंकाराने लिहीत नाही. डाव्या हाताच्या चिमटीत खरोखरच नाक धरायचे, उजव्या हाताने पेला तोंडाला लावून एका घोटात रिकामा करायचा, मग मान झाडून जिभेवर मीठ ठेवायचे. कधी ती देशीची बाटली असे, कधी हातभट्टीची. काळा गूळ आणि नवसागर घालून रानात कुठेतरी गाळलेली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एकदा मी विचारले, "काका, नाक का दाबता?"

"वास सोसत नाही रे."

"मग पिता कशाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, हसले आणि गोळ्या आणायला आठ आणे दिले. उत्तर दिले नाही. ते त्यांच्यापाशी नसावे.

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून महाराष्ट्रात ते केलेले नाही असे गाव सापडणे कठीण. आमच्या गावच्या उत्सवात एका वर्षी काका तळीराम झाले होते. दुसऱ्या दिवशी सारा गाव म्हणत होता, काय बेमालूम काम केले! आई मात्र खेळाला आली नव्हती. त्या पेल्यात पाणी नाही, हे तिला ठाऊक होते.

पुढची कथा नवी नाही. कलमे एकेक करून दुसऱ्याच्या नावावर गेली. पण मला आठवते ती शेवटच्या हंगामातली एक पहाट. मी तेव्हा पंधरा वर्षांचा. काका आढीच्या दारात उभे राहिले. पुष्कळ वेळ उभे राहिले. श्वास घेत होते आणि पुन्हा घेत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काही कळत नाही रे. तूच बघ." मी पेंढा उचलला. खालचा थर सगळा नासला होता. त्याच श्रावणात काका गेले. डॉक्टरांनी यकृत म्हणून सांगितले. मला मात्र वाटते, की काका त्या पहाटेच गेले होते.

आता सांगा, अशा घरातल्या माणसाने बूच कसे काढावे?

ते निघण्याचा योग आला तो देवीच्या कृपेने, असे म्हटले तर वाचकांनी रागावू नये. फातर्प्याच्या शांतादुर्गेला सौभाग्यवतींचा काही नवस होता. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही कोकण रेल्वेने मडगावला उतरलो आणि बसने निघालो. वाटेत कुंकळ्ळी लागते. ही देवी मूळची कुंकळ्ळीचीच. पोर्तुगीजांच्या धामधुमीत ती फातर्प्याला गेली. म्हणून तर तिला कुंकळ्ळीकरीण म्हणतात. १५८३ साली पोर्तुगीजांविरुद्ध उठलेले हेच ते कुंकळ्ळी. आणि याच कुंकळ्ळीत आज सिंगल मॉल्ट व्हिस्की तयार होते. 'पॉल जॉन' या नावाने ती २०१२ साली प्रथम बाजारात आली, तीही इथे नव्हे, थेट लंडनला. पाहुण्यांना कारखाना हिंडून दाखवण्याची तिथे व्यवस्था आहे. परतताना मी भीत भीत विषय काढला. नवस फिटल्याच्या आनंदात सौभाग्यवती म्हणाल्या, "चला. बघायला काय पैसे पडतात?" पैसे पडले, पण ते असो.

आत पाऊल टाकताच सौभाग्यवती थबकल्या. नाक वर करून म्हणाल्या, "अहो, हा तर नाचणीच्या सत्त्वाचा वास!"

दाखवणारा तरुण हसला. त्यांचे म्हणणे बरोबर होते. नाचणीचे सत्त्व आपल्याकडे घरोघरी करतात. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची. मॉल्ट म्हणजे दुसरे काय? नाचणीच्या जागी बार्ली, म्हणजे जव. मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर व्हायची वाट मोकळी होते. मोड पुरेसे आले की ऊब देऊन ते थांबवायचे. मग ते भरडून गरम पाण्यात कालवायचे, म्हणजे गोड पाणी निघते. त्यात यीस्ट घालून ते आंबवायचे आणि तांब्याच्या मोठ्या हंड्यांतून बहुधा दोनदा गाळायचे. गाळून निघते ती दारू पाण्यासारखी बिनरंगी असते. तिला रंग, वास आणि वळण देते ते ओकच्या लाकडाचे पिंप.

स्कॉटलंडचा कायदा या बाबतीत मोठा सोवळा आहे. सिंगल मॉल्ट म्हणवून घ्यायचे तर धान्य फक्त मोड आलेले जव, दुसरे पाणी, तिसरे यीस्ट, आणि सगळे गाळप एकाच भट्टीतले. 'सिंगल' म्हणजे एक पिंप नव्हे, एक भट्टी. पुढे स्कॉटलंडातच ओकच्या पिंपात निदान तीन वर्षे मुक्काम, आणि बाटलीत भरताना मद्यार्क शेकडा ४० हून कमी नाही. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जे खपते, त्यातल्या पुष्कळशा मालाचा पाया उसाच्या मळीचे स्पिरिट असतो. युरोपातले नियम त्याला व्हिस्की म्हणूच देत नाहीत. म्हणजे काका देशी प्यायचे आणि गावातले प्रतिष्ठित लोक 'इंग्लिश' प्यायचे, पण दोघांचे मूळ पुष्कळदा एकाच मळीत!

पिंपांच्या कोठारात आम्हांला नेले, तेव्हा माझे पाय दारातच थांबले. अंधार, गारवा, लाकडाचा वास, आणि त्या वासात काहीतरी गोड पिकत असल्याची जाणीव. ती आढी होती. पेंढ्याच्या ठिकाणी लाकूड, आंब्याच्या ठिकाणी दारू. पण कोणी न बोलता वाट पाहत असावे अशी ती शांतता अगदी तीच. क्षणभर मला वाटले, आता कोणीतरी म्हणेल, "आज नको. उद्या."

पिंपात असताना दर वर्षी थोडी दारू लाकडातून उडून जाते. साहेबाच्या भाषेत तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हे देवदूत अल्पसंतुष्ट असतात. वर्षाला शेकडा दोनच्या आसपास घेतात. गोव्याच्या उकाड्यात हा वाटा शेकडा आठच्या घरात जातो. आमच्या कोकणात देवदूत नाहीत, देवचार आहेत, आणि राखणदाराला दारू दाखवण्याची रीत जुनीच आहे; तेव्हा त्याने जरा हात सैल सोडून घेतला तर नवल नाही. परतीच्या गाडीत मी तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. शंभर लिटर दारू पिंपात भरली, तर दहा वर्षांनी स्कॉटलंडात सुमारे ८२ लिटर उरेल आणि गोव्यात सुमारे ४३. म्हणून आपल्याकडचा मॉल्ट फार वर्षे ठेवत नाहीत. आणि ठेवावाही लागत नाही. उन्हाने आंबा लवकर पिकतो, तशी इथे दारूही लवकर पिकते.

हे आपल्या लोकांनी जगाला पटवले, त्याचीही एक कथा आहे. बंगळूरला राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली 'अमृत' ही डिस्टिलरी काढली. जगदाळे हे आडनाव आपल्या कानाला घरचेच वाटते. त्यांचे चिरंजीव नीलकंठ जगदाळे यांनी २००४ साली आपला सिंगल मॉल्ट प्रथम विकायला नेला तो स्कॉटलंडातल्या ग्लासगो शहरी! रत्नागिरीच्या बाजारात परगावचा आंबा हापूस म्हणून विकायला बसण्यासारखेच हे धाडस. फरक इतकाच, की जगदाळ्यांनी आपल्या मालाचे गाव लपवले नाही. पुढे त्यांच्या 'फ्यूजन' या व्हिस्कीला जिम मरे या इंग्रज जाणकाराने आपल्या २०१० च्या ग्रंथात जगातल्या उत्तम व्हिस्कींत तिसरे स्थान दिले. तिच्यात आपल्या हिमालयाच्या पायथ्याकडचे जव आहेत आणि धुरावर वाळवलेले स्कॉटलंडचेही.

कारखान्यातल्या त्या तरुणाने शेवटी आमच्यापुढे छोटे पेले ठेवले. पेला खाली फुगीर, तोंडाशी निमुळता. मी तो उचलला आणि माझा डावा हात, कोण जाणे कसा, नाकाकडे गेला. तरुणाने तो पाहिला असावा. तो म्हणाला, "नाही सर. आधी नाकच. तोंड नंतर." ओठ किंचित उघडे ठेवून सावकाश वास घ्यायचा, नाक पेल्यात बुडवायचे नाही, नाहीतर नुसता मद्यार्क झोंबतो. मग चार थेंब पाणी घालायचे. पाण्याने मिटलेला वास उमलतो. बर्फाने तो गोठतो. मग जिभेवर एक लहानसा घोट, आणि तो गिळण्याची घाई नाही.

मी त्या दिवशी फक्त वास घेतला. पेला तसाच खाली ठेवला. सौभाग्यवतींनी पाहिले आणि काही विचारले नाही. तिथली बाटलीही आम्ही घेतली नाही. गोव्याची दारू महाराष्ट्राच्या हद्दीत आणायची तर वेगळे कागद लागतात, आणि शिक्षकाला नाक्यावर उतरवून घेतलेले चांगले दिसत नाही. पण घरी येताना एक गोष्ट माझ्या मनात बसली होती. पिण्याची एक अशीही रीत आहे, की जिच्यात नाक दाबावे लागत नाही.

मग मी मास्तराच्या स्वभावाप्रमाणे अभ्यास केला. ज्यांना निवड करायची असेल त्यांच्यासाठी त्यातले चार शब्द सांगतो. रंगाला भुलू नये. स्कॉचमध्ये साध्या कॅरमेलचा रंग घालायला मुभा आहे. तेव्हा गडद सोनेरी रंग म्हणजे जुनी दारू, असे समजणारा मनुष्य कार्बाइडने पिवळा केलेला आंबा हौसेने घरी नेतो. आंब्याला कार्बाइड लावायला बंदी आहे, एवढाच फरक. चिठ्ठीवर दहा, बारा असा आकडा असतो, तो त्या बाटलीतल्या सर्वांत तरुण दारूचे वय सांगतो. पण वय म्हणजे गुण नव्हे, हे शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला निराळे सांगायला नको. किमतीवरही जाऊ नये. गाव पाहावे. स्पे नदीच्या खोऱ्यातल्या ग्लेनलिव्हेट, ग्लेनफिडिक अशा व्हिस्की बहुधा सौम्य, फळांच्या आणि मधाच्या वळणाच्या. नवख्याने तिथून आरंभ करावा. पश्चिमेच्या आयला बेटावरच्या लाफ्रोइग, लागाव्हुलिन, आर्डबेग या धुराच्या लेकी. तिथे दलदलीत हजारो वर्षे कुजून दबलेल्या वनस्पतींची माती असते. तिला पीट म्हणतात. ती कापून, वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर मोडाचे जव वाळवतात. देवगड श्रेष्ठ की रत्नागिरी, यावर आपल्याकडे जेवढी भांडणे होतात, तेवढीच तिकडे स्पे आणि आयला यांची होत असतील. पण दोन्हीकडे खरी गोष्ट एकच : मालाला गावाचे नाव असावे आणि ते खरे असावे. आपल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते याचसाठी.

आणखी एक गोष्ट वाचून मला बरे वाटले. स्कॉटलंडातही एके काळी डोंगराडोंगरांत हातभट्ट्याच होत्या. १८२३ साली कायदा बदलला आणि दुसऱ्या वर्षी ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यात जॉर्ज स्मिथने परवाना घेतला. तेव्हा शेजारचे चोरटे भट्टीवाले इतके खवळले, की त्याला कमरेला पिस्तुले लावून हिंडावे लागले. म्हणजे आज काचेच्या कपाटात मिरवणाऱ्या या कुलीन बाईची आजी रानातलीच.

पण म्हणून कोणी असे समजू नये, की काकांना चांगली दारू मिळाली असती तर ते वाचले असते. मी मनाशी हे पुष्कळदा घोळवले आहे आणि ते खोटे आहे. गडकऱ्यांचा सुधाकर वकील होता; त्याला काही हातभट्टीवर भागवावे लागत नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुण्यातल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला लिहिले, आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९०८ साली दारूच्या दुकानांवरच्या निरोधनाला बळ दिले. ती माणसे काही अरसिक नव्हती. त्यांनी उद्ध्वस्त घरे पाहिली होती. चिठ्ठीवरचे गाव बदलले म्हणून पोटातले विष बदलत नाही.

यंदा चैत्र सरता सरता विद्यार्थी पुन्हा सुटीवर आला. म्हणाला, "सर, आज उघडू या." मी मोल्सवर्थ बाजूला केला. आम्ही मागच्या पडवीत बसलो. सौभाग्यवतींनी निमुळत्या तोंडाचे दोन पेले कुठूनसे शोधून आणले, आणि भाजलेल्या काजूगरांची बशी मध्ये ठेवून त्या हेतुपुरस्सर आत निघून गेल्या. विद्यार्थ्याने बूच फिरवले. लहानसा आवाज झाला आणि पडवीत एक विलक्षण वास पसरला. पहिल्यांदा मला शाळेतली औषधांची पेटीच आठवली. मैदानावर गुडघे फुटलेल्या मुलांना लावायचे टिंक्चर आयोडीन! त्यामागून समुद्राचा खारा वास आला, आणि सगळ्यांच्या मागून धूर. हा धूर कुठला, हे मात्र मला आठवेना. अगदी ओळखीचा, आणि नाव सुचेना.

विद्यार्थ्याने दोन्ही पेल्यांत बोटभर ओतले. इतक्यात काठीचा आवाज आला. दारात आई उभी.

"काय जळतंय रे? भाजावळ घातलीय का कोणी?"

भाजावळ! पावसाआधी भाताचा तरवा पेरायचा, त्या जमिनीवर कवळ, पाचोळा, शेण पसरून भाजतात, त्या मातीतून येणारा तो धूर. तिने नुसत्या वाऱ्यावरून नाव सांगितले.

विद्यार्थी ताडकन उभा राहिला आणि त्याने पेला पाठीमागे लपवला. तिशी उलटलेला, दर्यावर फिरणारा तो मनुष्य क्षणात आठवीतला मुलगा झाला. मलाही 'इंग्रजी पुस्तक' पुन्हा आठवले. पण या खेपेस खोटे बोलवले नाही.

"आई, दारू आहे," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. हळूहळू येऊन बाकड्यावर बसली. मग हात पुढे केला. "बघू."

मी पेला तिच्या हातात दिला. तिने तो देठाशी आंबा धरावा तसा धरला, नाकाजवळ नेला, दोनदा श्वास घेतला.

"भाजावळच. वर टिंक्चर ओतल्यासारखं." थोड्या वेळाने म्हणाली, "भावोजींच्या दारूला असा वास नव्हता."

"कसा होता?"

"मला काय ठाऊक! मीही नाक दाबूनच जवळ जायचे."

समोरच्या माडांत वारा होता. कोणीच बोलेना. ती पेल्याकडे पाहत म्हणाली, "आढीतला नासका आंबा त्यांना अंधारात कळायचा. स्वतःचं तेवढं कळलं नाही."

मग पेला माझ्या हातात परत देत तिने विचारले, "किती घेणार आहेस?"

"एवढीच."

"मग आधी बूच लाव. मागाहून पी."

मी बाटली उचलली आणि बूच घट्ट बसवले. विद्यार्थ्याने ती माझ्या हातातून घेतली, आत जाऊन मोल्सवर्थच्या मागे ठेवली आणि तो परत येऊन अवघडून बसला.

आई काठीवर भार देऊन उठली. दारापर्यंत गेली आणि न वळताच म्हणाली, "त्यांनाही रोज हेच सांगत होते मी."

ती आत गेली. पेला माझ्या हातात होता. कितीतरी वेळ मी नुसता वासच घेत राहिलो.